जीपचे क्राऊन-पिनियन बदलले अन् मीटर कमी दाखवायला लागलं: काटा हलवू नका, केबलचे फेरे मोजा

भाऊ, तुमचा प्रश्न नीट वाचला. ज्यांनी वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. आर्वीकडची आजोबांची महिंद्रा सीजे ३बी, पेट्रोलचं हरिकेन इंजिन, टायर जुनेच ६.००-१६ चे. हायवेवर इंजिन लय ओरडते म्हणून पुढच्या-मागच्या दोन्ही हाऊसिंगमधले (दोन चाकांच्या मधल्या लोखंडी गोळ्यातले) ५.३८ चे क्राऊन-पिनियन, म्हणजे चाकांना फिरवणारी मोठ्या-छोट्या गिअरची जोडी, काढून ४.२७ चे टाकले. गाडी आता मोकळी पळून राहिली, पण मीटर ४५ दाखवतं तेव्हा मोबाईलचं जीपीएस ५७ दाखवतं. १० किलोमीटरला ओडोमीटर (मीटरमधले किलोमीटर मोजणारे आकडे) ८ च्या जरासं आतच राहते, आधी दोन्ही बरोबर होते. वरून पेट्रोलचं ॲव्हरेज साडेआठचं सातवर आलं. मीटरवाला म्हणते काटा काढून पुढं बसवून देतो, दहा मिनिटाचं काम आहे. आणि पुढं १५ इंची रेडियल टायर टाकायचा विचार आहे, त्याने काही फरक पडते काय असंही विचारलं.

पहिली गोष्ट, त्या मीटरवाल्याला काटा हलवू देऊ नका. तुमचं मीटर खराब झालेलंच नाही. ते बिचारं केबल जेवढी फिरते तेवढंच प्रामाणिकपणे सांगून राहिलं, फिरणंच कमी झालं तर ते तरी काय करणार.

काऊन कमी झालं ते समजून घ्या म्हणजे पुढचं सगळं सोपं जाते. जीपमध्ये मीटरची केबल चाकावरून निघत नाही, ट्रान्सफर केसच्या (गिअरबॉक्सच्या मागची, पुढच्या-मागच्या चाकांकडं ताकद वाटणारी पेटी) मागच्या आउटपुट शाफ्टवर एक वर्मसारखं, म्हणजे स्क्रूसारखे आटे असलेलं गिअर असते, त्याला लागून छोटं पिनियन, अन् त्या पिनियनच्या पोटात केबलचं चौकोनी टोक. म्हणजे मीटर मोजते प्रोपेलर शाफ्टचे, तिथून हाऊसिंगपर्यंत जाणाऱ्या लांब दांड्याचे, फेरे. चाक त्याच्या पुढं, हाऊसिंगच्या पलीकडं आहे. ५.३८ होतं तेव्हा चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्ट ५.३८ वेळा फिरत होता, आता ४.२७ वेळाच फिरते. मीटरला वाटते गाडी हळू चालली. याच कारणामुळं लो गिअरमध्ये टाकलं तरी मीटर चुकत नाही, कारण केबल लो-हायच्या गिअरनंतरच्या शाफ्टवरून निघते, हे बऱ्याच मेकॅनिकलोकांनाही मी समजावून सांगितलं आहे. ॲम्बेसेडर, पद्मिनी यांच्यातही केबल गिअरबॉक्सच्या शेपटातून निघते, त्यामुळं तिथंही मागचे क्राऊन-पिनियन बदलले की हाच प्रकार.

आता आकडा. ५.३८ म्हणजे क्राऊनच्या ४३ ला पिनियनचे ८ दात, नीट भागलं तर ५.३७५. ४.२७ म्हणजे ४७ ला ११, म्हणजे ४.२७२७. पहिल्याला दुसऱ्यानं भागा, १.२५८ येते. तुमचे ४५ गुणिले १.२५८, झाले ५६.६, जीपीएसवर ५७. तुमचे १० किलोमीटर भागिले १.२५८, झाले ७.९५, म्हणजे ८ च्या जरासं आत. काटाही त्याच हिशोबात चुकला अन् ओडोमीटरही त्याच हिशोबात चुकला, हे महत्त्वाचं. दोघं एकाच पटीत चुकत असले तर दोष फेऱ्यांचा, मीटरचा नाही. ओडोमीटर बरोबर अन् काटा एकटाच चुकीचा असता तर मी स्वतः म्हटलं असतं की मीटर खोला, आतली स्प्रिंग नाही तर मॅग्नेट पहा.

आणि ॲव्हरेजचं टेन्शन घेऊ नका, ते कमी झालंच नाही. ओडोमीटरच किलोमीटर खाऊन राहिलं. सात गुणिले १.२५८ करा, ८.८ येते. म्हणजे आधीपेक्षा थोडं वाढलंच. कितीतरी लोक गिअर बदलल्यावर याच आकड्यानं घाबरतात अन् चांगला कार्बोरेटर खोलून बसतात. उलट दुसरीकडं लक्ष द्या, मीटरच्या ३००० वर ऑईल बदलत असाल तर खरे पावणेचार हजाराच्या वर होऊन राहिले.

काटा हलवल्यानं काय होते तेही सांगतो. या जुन्या मीटरमध्ये केबल एक मॅग्नेट फिरवते, मॅग्नेटवर ॲल्युमिनियमची वाटी असते, मॅग्नेट फिरलं की वाटी ओढल्या जाते पण तिला केसासारखी बारीक स्प्रिंग धरून ठेवते, अन् वाटीच्या दांड्यावर काटा. फेरे दुप्पट झाले की ओढ दुप्पट, काटा दुप्पट. म्हणजे तुमची चूक एकसारखी १२ ची नाही, ती पटीची आहे. मीटरवर ३० असताना गाडी खरी ३८ च्या जवळ आहे, ६० असताना ७५, अन् ७० असताना ८८. काटा १२ नं पुढं सरकवला तर ४५ च्या आसपास बरोबर वाटंल, गावात ३० च्या खाली गेले की जास्त दाखवंल, हायवेवर पुन्हा कमीच दाखवंल, अन् गाडी उभी असतानाही काटा शून्यावर यायचा नाही. ओडोमीटर तर काट्याशी संबंधच ठेवत नाही, ते सरळ गिअरवर चालते, त्यात काहीच फरक पडणार नाही. आणि बाप्पा, ड्रम ब्रेकच्या जीपला मीटरवर ६० पाहून निश्चिंत बसायचं अन् खरे ७५ असायचे, हिंगणघाट-पांढरकवडा रोडवर समोरून कापसाचा ट्रॅक्टर आडवा आला म्हणजे हे १५ कुठून आणणार?

कोणी म्हणंल मॅग्नेट चार्ज करून घ्या, स्प्रिंग सैल करा. चांगला मीटरवाला हे करू शकते, पण थोड्या फरकासाठी. काटा खाली आणायचा असला तर मॅग्नेटची ताकद थोडी मारली की झालं, ते सोपं आहे. वर न्यायचा असला तर मॅग्नेट एका मर्यादेपलीकडं ताकद धरतच नाही, तिथून पुढं स्प्रिंग बदला, अन् तुम्हाला पायजे पाव पटीहून जास्त. तरीही ओडोमीटर तसंच. म्हणून हा रस्ता सोडा.

काम करायचं आहे ते एकच, केबलचे फेरे १.२५८ पट वाढवायचे. पण बाजारात पार्ट शोधायला निघायच्या आधी स्वतः मोजून घ्या, कारण ४.२७ म्हणून दिलेलं क्राऊन-पिनियन खरंच ४.२७ चं आहे का हे मोजल्याशिवाय मी कोणाचंच ऐकत नाही. क्राऊनच्या कडेला बहुतेक वेळा दातांचे आकडे ठोकलेले असतात, पण हाऊसिंग आता बंद झालं असंल. न खोलता पाहायचं तर मागचं एकच चाक जॅकवर उचला, दुसरं जमिनीवर राहू द्या, त्याला दगड लावा, गाडी न्यूट्रल, हँडब्रेक सोडलेला (जीपचा हँडब्रेक शाफ्टच्या ड्रमवर असते, तो ओढलेला असला तर शाफ्ट फिरणारच नाही). उचललेलं चाक बरोबर दोन फेरे फिरवा अन् शाफ्टवर खडूची खूण करून त्याचे फेरे मोजा. चार आणि पाव फेऱ्याच्या किंचित वर आले तर ४.२७ बरोबर. दोन फेरे काऊन, तर एक चाक अडलेलं असताना डिफरन्शियल (हाऊसिंगमधली, दोन चाकांत फेरे वाटणारी गिअर) दुसऱ्याला दुप्पट फिरवते. एकाच फेऱ्याला मोजलं तर निम्मा आकडा येते अन् मंग लोकं म्हणतात दुकानदारानं फसवलं. पुढच्या हाऊसिंगचंही असंच मोजा, दोन्ही सारखे पायजेतच, नाही तर फोर-व्हील टाकल्याबरोबर डांबरी रोडवर गाडी आखडून जाईल.

आता केबलचे फेरे. हे मोजायला मला सगळ्यात जास्त आवडते, कारण इथं कागदावरचा हिशोब जमिनीवर येते. शेत मोजायचा ५० मीटरचा टेप कोणाकडंही मिळते. सपाट, सरळ रस्ता पहा, पांधण नको, पांधणीत चाक खड्ड्यातून जाते अन् फेरे वाढतात. टायरमध्ये तुम्ही नेहमी ठेवता तेवढीच हवा भरा, गाडीत दोन माणसं बसवा कारण वजनानं टायर दबते. मीटरच्या मागून केबल सोडा, आतल्या तारेच्या टोकाला रंगीत टेपचा छोटा झेंडा चिकटवा, अन् एकानं फक्त त्या झेंड्याकडं पाहायचं. बाकीच्या पोट्ट्यांनी गाडी ढकलायची, हळू, मागं न येऊ देता, पहिल्या खुणेपासून दुसऱ्या खुणेपर्यंत बरोबर ५० मीटर. झेंडा किती वेळा फिरला ते मोजायचं, शेवटचा फेरा अर्धा की पाव तेही लिहायचं. दोनदा करा, दोन्ही वेळा सारखं आलं पायजे.

त्या आकड्याची तुलना कशाशी करायची? अमेरिकन पद्धतीच्या जीपच्या मीटरांमध्ये साधारण हिशोब असा की केबलच्या १००० फेऱ्यांना एक मैल. किलोमीटरमध्ये ते ६२१ होतात, म्हणजे ५० मीटरला ३१ अन् वर जरासं. तुमचं मीटर तसंच असंल तर ५० मीटरला पावणेपंचवीसच्या आसपास फेरे मिळतील, पायजेत ३१. स्मिथ्स (ब्रिटिश मीटर कंपनी) पद्धतीच्या मीटरवर डायलच्या खालच्या बाजूला बारीक आकडा छापलेला असते, १४०८, १६०० असा काही, मीटर मैलाचं असंल तर तो मैलाला किती फेरे ते सांगते, त्याला १.६०९ नं भागलं की किलोमीटरचा आकडा. डायलवर काहीच नसंल तर मीटर बाहेर काढा, जुन्या केबलचा तुकडा हळू चालणाऱ्या ड्रिलला लावा, ओडोमीटरचं एक किलोमीटर पूर्ण व्हायला किती फेरे लागतात ते मोजा. फिरवायची दिशा मात्र गाडीत फिरते तीच ठेवा, उलटी फिरवली तर काटा पिनवर जाऊन आपटते. तुमचं मीटर आधी बरोबर होतं म्हणता, मग एवढं करायची गरज पडणार नाही, पण ज्यांनी गाडीच भंगारातून उचलली अन् मीटर तिसऱ्याच गाडीचं लावलं त्यांनी करावंच.

इथंच टायरचं येते. टायर आधी ठरवा, मग मोजा, मग पार्ट करा. ६.००-१६ च्या जागी २३५/७५ आर १५ टाकले तर त्याचा व्यास कागदावर ७३३ मिलिमीटर होते, जुन्यापेक्षा साधारण दोन टक्क्यानं मोठा, म्हणजे मीटर अजून कमी दाखवंल. २१५/७५ आर १५ टाकले तर ७०३, म्हणजे उलटं, थोडं जास्त दाखवंल. टायर कंपनीगणिक, घिसलेल्या नक्षीगणिक फरक पडते, म्हणून पुस्तकातला व्यास नाही, ५० मीटरचा आकडाच खरा.

दुरुस्तीचे रस्ते दोन. पहिला, ट्रान्सफर केसमधलं छोटं पिनियन बदलणं. कमी दाताचं पिनियन टाकलं की केबल जास्त फिरते. ऐकायला एकदम सोपं. समजा तुमच्या पिनियनला १५ दात आहेत (तुम्ही मोजून घ्या, मी उदाहरणासाठी घेतले), तर १५ ला १.२५८ नं भागा, १२ च्या जवळ येते. आता अडचण अशी की वर्म अन् पिनियन यांच्यामधलं अंतर केसच्या भोकानं पक्कं करून टाकलेलं आहे. तीन दात कमी झाले की पिनियन बारीक होते अन् वर्मपर्यंत नीट पोचतच नाही, टोकावर घासत चालते अन् काही दिवसात दात खाऊन जाते. एखाद्या दाताचा फरक जमून जाते, तीनचा बहुतेक वेळा नाही. मग वर्म अन् पिनियन जोडीनं बदला, अन् वर्मपर्यंत जायचं म्हणजे मागचा प्रोपेलर शाफ्ट सोडा, हँडब्रेकचा ड्रम काढा, योक (शाफ्ट जोडायचा तुकडा) काढा, मागची बेअरिंग कॅप खोला. हे काम करायचंच ठरलं तर एक सांगून ठेवतो, त्या कॅपच्या खाली पातळ पत्र्याचे शिम असतात, कागदासारखे, ऑईलनं कॅपला चिकटून येतात. ते जसेच्या तसे, त्याच जाडीचे परत गेले पायजेत, आउटपुट शाफ्टच्या बेअरिंगची ढिलाई त्यांच्यावरच ठरते. मेकॅनिकनं ते गॅस्केट समजून फेकले अन् जागी नुसतं शेलॅक (गळती थांबवायचं चिकट द्रव) लावलं की शाफ्ट आखडते, बेअरिंग तापते, अन् मीटर दुरुस्त करायला गेलेली गाडी ट्रान्सफर केससाठी उभी राहते.

म्हणून तुमच्यासारख्या फरकाला मी दुसरा रस्ता सांगतो, केबलच्या मधात छोटा रेशो बॉक्स, म्हणजे फेरे वाढवणारी गिअरची डबी. बाहेर तयार मिळतात, पण चांगला लेथवाला अन् दात कापणारा असला तर आपल्याकडंही बनते. अट एक, गिअरची एकच जोडी टाकायची नाही. एका जोडीनं दिशा उलटी होते, मीटर उलटं फिरते. दोन जोड्या पायजेत, म्हणजे दिशा परत सुलट होते. आणि दोन्ही जोड्यांच्या दातांची बेरीज सारखी ठेवली अन् दात एकाच मापाचे कापले तर आत जाणारी अन् बाहेर येणारी केबल एका रेषेत राहते, बॉक्स लहान होते. तुमच्यासाठी १८ चा १६ ला, पुन्हा १८ चा १६ ला. १८ भागिले १६ म्हणजे १.१२५, त्याला त्यानंच गुणलं की १.२६६. तुम्हाला पायजे १.२५८. अर्ध्या टक्क्याच्या वर जरासं जास्त दाखवंल, ६० ला ६०.४, अन् जास्त दाखवलेलं केव्हाही चांगलं. २३५ चे टायर टाकणार असाल अन् मोजल्यावर दोन टक्क्याचाच फरक निघाला तर १७-१५ च्या दोन जोड्या करा, १.२८४ येते. २१५ चे टाकले तर २०-१८ च्या, १.२३५. पहा, टायर बदलला की दात बदलले, म्हणून म्हटलं की आधी टायर ठरवा.

बॉक्स कुठं लावायचा? लोकं ट्रान्सफर केसवरच घट्ट करून टाकतात कारण तिथं आटे तयार असतात. आपल्या काळ्या मातीत ते करू नका राजेहो. पावसाळ्यात शेतातून आली की गाडीचं पोट चिखलानं भरून येते, तो वाळला की खणून काढा लागते, वरून केसचं थरथरणं. बॉक्स बोनेटच्या आत, फायरवॉलवर पट्टीनं पक्का करा, खालून लांब केबल, वरून मीटरपर्यंत छोटी. दोन्ही केबल कुठंही सहा इंचाच्या गोलाईपेक्षा जास्त मुडू नये, नाही तर कमी स्पीडला काटा नाचते अन् लोकं बॉक्सला शिव्या देतात. तारेचे तीन भाग धरा, ग्रीस खालच्या दोन भागांनाच, मीटरजवळचा वरचा भाग कोरडाच राहू द्या. जास्त ग्रीस भरलं की ते तारेच्या पिळातून चढत चढत मीटरच्या वाटीत जाते, मग काटा अडकते. तसंच केबल सोडल्यावर तिच्यातून गिअर ऑईल आलेलं दिसलं तर पिनियनच्या स्लीव्हचं सील गेलं, ते आधी बदला.

जीपीएसचं डिजिटल मीटर लावून मोकळं व्हा असंही कोणी सुचवंल. लावा, चालते, तपासायला तर चांगलंच आहे. पण आजोबांच्या जीपच्या डॅशमध्ये निळा दिवा लागलेली डबी मला पाहवत नाही, हे माझं मत.

बॉक्स बसल्यावर पहिले ओडोमीटर तपासा, काटा नंतर. किलोमीटरच्या दगडांवर १० किलोमीटर जा, एका दगडावर भरोसा नको, रोड रुंद करताना कितीतरी दगड इकडचे तिकडं झाले. सोबत जीपीएस ठेवा. ओडोमीटर जमलं की मग काटा, मोकळ्या रस्त्यावर एकसारखा ६० धरा, बाजूच्यानं दोन दगडांमधले सेकंद मोजायचे, ६० आले पायजेत. ३६०० ला सेकंदानं भागलं की खरा स्पीड, ५५ सेकंद आले तर ६५. या वेळी ओडोमीटर बरोबर असूनही काटा दोन-चार नं चुकत असंल, तर आता जा मीटरवाल्याकडं, ते त्याचं काम आहे अन् तेवढं त्याला नीट जमते.

काढलेले ५.३८ चे क्राऊन-पिनियन भंगारात देऊ नका. ५० वर्षांवरच्या गाड्यांना २०२१ पासून व्हिंटेजचं वेगळं रजिस्ट्रेशन मिळते, नंबरात व्हीए येते, उद्या ते करायचं ठरलं तर गाडी जेवढी मूळची असंल तेवढं बरं. ग्रीस लावून, जाड प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवा, अन् पुढचं कोणतं, मागचं कोणतं ते लिहून ठेवा. क्राऊन अन् त्याचं पिनियन एकमेकांवर घासून जोडीनं बसवलेले असतात, पुढच्याचं पिनियन मागच्या क्राऊनला लावलं तर दोन्ही रडतील.